आम्ही भांग पाजणारे

दिवाळीचा अंक हाती घेऊन माणूस बसतो तो फराळाची बशी शेजारी ठेवून. अशा वेळी भांग-गांजाचा विषय काढणे म्हणजे चकलीच्या पानात कडुनिंबाचा पाला वाढण्यासारखे आहे, हे मला समजते. तरीही तो मी आजच आणि येथेच काढणार आहे. कारण माझे भांडण चोरून पुड्या विकणाऱ्याशी नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांशी आहे, आणि ही मंडळी एकाच वेळी एका छपराखाली सापडतात ती सणावारीच. शिवाय या खटल्यातला पहिला आरोपी मीच आहे. तेव्हा फिर्यादीची सुरुवात माझ्यापासून केलेली बरी.

२००४ सालच्या महाशिवरात्रीची गोष्ट. आमच्या गावी नदीकाठी महादेवाचे जुने देऊळ आहे. शिवरात्रीच्या जागराला तेथे भजन असते आणि देवळामागच्या ओवरीत थंडाईचे पातेले असते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या, दूध आणि पाट्यावर वाटलेली भांग. त्या वर्षी माझी धाकटी बहीण मुलाला घेऊन आली होती. भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. “मामा, मलापण,” असे तो म्हणाला आणि मी त्याच्या हाती पेला दिला. तासभर काहीच झाले नाही, म्हणून त्याने दुसरा मागितला. तोही मीच दिला. धूर ओढला तर नशा काही मिनिटांत चढते, पण पोटातून गेलेली भांग तास-दीड तास वाट पाहावयास लावते, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते. मग तो हसू लागला आणि आम्हीही हसलो. मध्यरात्रीनंतर त्याचे हसणे थांबले आणि रडणे सुरू झाले. आपले हात आपले राहिले नाहीत, छातीतला ठोका बंद पडला आहे, देवळातली माणसे आपल्याकडे पाहून कुजबुजत आहेत, असे तो सांगू लागला. त्यावरही आम्ही हसलोच. कोणी लिंबू चोखावयास दिले, कोणी डोक्यावर पाणी ओतले. सकाळी तो शुद्धीवर आला, आणि पुढे दोन वर्षे प्रत्येक लग्नामुंजीत ही हकिकत चवीने सांगितली गेली. सांगणारा बहुधा मीच असे.

पंधराव्या वर्षी तो चिलमीपाशी गेला. सतराव्या वर्षी ती रोजची झाली. विसाव्या वर्षी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना, त्याला भिंतीपलीकडून माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले आणि ते सगळे बोलणे त्याच्याचविषयी होते. त्याच्या सख्ख्या चुलत्याला याच जातीचा आजार होता. आमच्या दोन्ही घरांत ही गोष्ट सर्वांना माहीत होती. मी पेला पुढे केला तेव्हा मलाही माहीत होती. आज तो छत्तिशीत आहे. औषधे नियमाने घेतो, बऱ्याच अंशी सावरला आहे, एका दुकानात हिशेब लिहितो. गणितात तो आमच्या घराण्यात सर्वांत हुशार होता.

माझ्या दोन पेल्यांनी हा आजार ओढवला, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. दोन पेल्यांनी कोणी वेडा होत नाही. पण ज्या दारातून तो आत गेला, त्या दाराची कडी त्याच्या मामाने हसत हसत काढून दिली होती, एवढे मात्र खरे. माझी बहीण एकदा म्हणाली, “दादा, तू त्याला पेला दिलास ते मी विसरले. तो रडत होता तेव्हा तू हसलास, ते काही केल्या विसरता येत नाही.” हा लेख मी त्या वाक्याखाली बसून लिहितो आहे.

आता बचावाची भाषणे ऐकू. सर्वांत जुना बचाव असा की, भांग हा शंकराचा प्रसाद आहे आणि प्रसादाने कोणाचे वाईट होत नसते. हा बचाव करणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, तुमचा धर्म तुम्ही कधी वाचला आहे काय? ज्या परंपरेने आयुष्याचे चार आश्रम पाडले, तिने शिकण्याच्या वयातल्या मुलाला नुसती मद्य-मांसाचीच बंदी केली नाही. सुगंध आणि फुलांच्या माळासुद्धा त्याला वर्ज्य सांगितल्या. गळ्यात मोगऱ्याचा हार घालण्याचीही ज्याला मोकळीक नव्हती, त्याच्या हाती आम्ही धर्माचे नाव घेऊन भांगेचा पेला देतो! स्मशानात बसून चिलीम ओढणाऱ्या गोसाव्याने संसार सोडलेला असतो. त्याला दहावीची परीक्षा द्यावयाची नसते. त्याचा मार्ग त्याने जाणत्या वयात पत्करलेला असतो. त्याची चिलीम तेवढी उचलून शाळकरी पोराच्या हाती द्यावयाची आणि त्याचे वैराग्य मात्र तिथेच ठेवावयाचे, ही भक्ती नव्हे, ही चैन आहे. चैन करणाऱ्याने निदान शंकराला साक्षीला बोलावू नये.

दुसरा बचाव अधिक शिकलेला आहे. तो सांगतो की, साहेबाच्या राज्यात सरकारने मोठी चौकशी केली आणि गांजा निरुपद्रवी ठरवला. ही चौकशी झाली हे खरे. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी सात जणांचे कमिशन नेमले गेले. त्याने ११९३ साक्षीदार तपासले, गावोगाव हिंडून पाहिले, आणि १८९४ साली जो अहवाल दिला तो आजही वाचनीय आहे. आपल्या मुंबई इलाख्यातले अधिकारी जे. एम्. कॅम्बेल यांनी भांगेच्या धर्मातल्या स्थानावर लिहिलेले टिपणही त्याला जोडलेले आहे. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी कमिशनने मुळापासून तपासल्या. पोलिसाने आणून सोडलेल्या माणसापुढे, दुसरे काही सुचले नाही म्हणून, “कारण : गांजा” असे लिहून टाकण्याची चाल पडली होती, ती त्याने उघडकीस आणली. बेताने घेणाऱ्या माणसाला भांगेने फारशी इजा होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होते, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व निर्बंध बरे, असा त्याचा निष्कर्ष होता.

मी या कमिशनचा चाहता आहे. अफवेला पुरावा मानण्याचे त्याने नाकारले, हे त्याचे मोठेपण. पण त्याच मोठेपणाला स्मरून विचारले पाहिजे की, त्याने पाहिले ते काय? त्याने पाहिला तो बेताने घेणारा प्रौढ माणूस. १८९४ साली क्ष-किरणांचादेखील शोध लागलेला नव्हता. जिवंत माणसाचा मेंदू उघडल्याविना पाहता येईल, ही कल्पनाच कोणाला शिवलेली नव्हती. भांगेत नशा आणणारे द्रव्य कोणते आणि ते मेंदूत कोठे जाऊन बसते, हे कमिशनला ठाऊक असणे शक्य नव्हते. एकशे तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रामाणिक माणसांना आज आपल्या अज्ञानाचे वकील करणे हा त्यांचाच अपमान आहे.

मग आज ठाऊक काय आहे? इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांचे सहकारी गाओनी यांनी १९६४ साली भांगेतले नशा आणणारे मुख्य द्रव्य वेगळे काढून त्याची रचना सांगितली. त्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात. पुढे असे दिसले की, मेंदूतल्या पेशींवर या द्रव्यासाठी जणू खास खाचा कोरलेल्या आहेत. आता, निसर्गाने माणसाच्या डोक्यात परक्या झाडाच्या किल्लीसाठी कुलूप बसवले असेल हे संभवत नाही. तेव्हा मूळची किल्ली शरीरातच असली पाहिजे, असे धरून शोध सुरू झाला आणि १९९२ साली ती सापडली. शोधणाऱ्यांनी तिचे नाव आपल्या संस्कृतातून घेतले. ‘आनंद’ या शब्दावरून त्यांनी तिला आनंदमाइड म्हटले. म्हणजे प्रत्येक मुलाच्या डोक्यात जन्मतःच घरचा आनंद तयार होत असतो, आणि आम्ही त्याला बाहेरचा विकत आणून पाजतो!

हा घरचा आनंद करतो तरी काय? पंगतीचे उदाहरण घ्या. वाढपी श्रीखंड वाढत येतो, पानावर बसलेला माणूस आडवा हात धरतो, वाढपी पुढे जातो. मेंदूतल्या एका पेशीने दुसरीला निरोप द्यावयाचा, तर तो असाच वाढला जातो, आणि घेणारी पेशी पुरेसा निरोप मिळाला की उलट दिशेने खूण करते, “पुरे.” ही खूण करण्याचे काम ही घरची द्रव्ये करतात. जेथे पाहिजे तेथे, पाहिजे तेव्हा, क्षणभर आडवा हात धरावयाचा आणि लगेच काढून घ्यावयाचा. टीएचसी आले की काय होते? सबंध पंगतीच्या सर्व पानांवर एकदम आडवे हात पडतात आणि तासन्‌तास तसेच राहतात. कोणाला काही मिळाले नाही, कोणाला नको ते मिळाले, हे वाढप्याला कळेनासे होते. घडीपूर्वीची गोष्ट आठवत नाही, पाच मिनिटांचा तास वाटतो, वाक्य अर्ध्यावर हरवते, हे सारे त्या गोंधळातून येते.

जाणत्या माणसाच्या मेंदूत हा गोंधळ बव्हंशी ओसरतो, कारण तेथे पंगत केव्हाच मांडून झालेली असते. चौदा वर्षांच्या मुलाचे तसे नाही. त्याच्या डोक्यात पाट मांडण्याचेच काम चालू असते. बाळपणी मेंदूत पेशीपेशींमधले जोड गरजेपेक्षा कितीतरी अधिक फुटतात, आणि मग पौगंडात त्यांची छाटणी होते. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार हे चटकन ओळखील. एप्रिलची खरड छाटणी चुकली तर ऑक्टोबरात घड धरत नाहीत, आणि वेलीकडे पाहून त्या वेळी कोणाला काही कळतही नाही. मेंदूतली ही छाटणी मागून पुढे सरकते. पाहणे, ऐकणे, हालचाल यांचे भाग आधी पक्के होतात. कपाळामागचा भाग, जो माणसाला “थांब, विचार कर” म्हणतो, तो सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास. या कामात कोणते जोड ठेवावयाचे आणि कोणते काढावयाचे हे ठरवण्यात त्या घरच्या द्रव्यांचा हात असतो. अशा वेळी बागेत दारू प्यालेला माणूस कात्री घेऊन शिरला तर काय होईल? उंदरांवरच्या प्रयोगांत असे पुन्हा पुन्हा दिसले आहे की, त्यांच्या पौगंडात टीएचसी दिले तर मोठेपणी, ते द्रव्य शरीरातून केव्हाच निघून गेल्यावरही, स्मरण आणि वागणूक यांत फरक राहतो. तेच प्रौढ उंदरांना दिले तर इतका राहत नाही.

माणूस उंदीर नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माणसांकडे वळू. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीसाठी आलेल्या ४५,५७० तरुणांना त्यांच्या सवयी विचारून ठेवल्या होत्या. पंधरा वर्षांनी पाहिले, तर भरतीच्या वयापर्यंत पन्नासांहून अधिक वेळा भांग-गांजा घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा आजार, न घेतलेल्यांच्या सहापट निघाला. इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावर हे प्रमाण बरेच खाली आले, पण वजाबाकी शून्यावर आली नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुले तर संशोधकांनी जन्मापासून डोळ्यांसमोर ठेवली आहेत. त्यांच्यापैकी पंधराव्या वर्षापर्यंत गांजाला लागलेल्यांत, सव्विसाव्या वर्षी शंभरात सुमारे दहांना या जातीच्या विकाराने गाठले होते; इतरांत शंभरात तिघांना. आणि जी मुले अठराच्या आत लागली व पुढे वर्षानुवर्षे चिकटून राहिली, त्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ अंकांपर्यंत घसरला, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. जाणत्या वयात सुरुवात केलेल्यांत अशी घसरण दिसली नाही.

येथे मी थांबलो असतो तर लेख अधिक जोरदार झाला असता. पण ज्या कमिशनचे मी आताच कौतुक केले, त्याचे नाव घेण्याचा हक्क मग मला उरला नसता. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ड्युनेडिनमध्ये पंधराव्या वर्षीच लागलेल्या मुलांची संख्या लहान होती, आणि त्यांच्यापैकी काहींत अकराव्या वर्षीच विचित्र लक्षणे होती. ती धरली तर तफावत कमी होते. बुद्ध्यंकाच्या घसरणीवरही वाद झाला. २०१६ साली अमेरिकेत जुळ्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा गांजा ओढणारा भाऊ न ओढणाऱ्या भावापेक्षा अधिक घसरलेला आढळला नाही. दोघांच्या घसरणीचे मूळ घरात आणि परिस्थितीत असावे, असे त्यातून निघाले. विसराळूपणा आणि मंदपणा यांतला पुष्कळसा भाग नशा सोडल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत भरून येतो, असेही आढळले आहे. अमेरिकेत सुमारे बारा हजार मुलांना नवव्या-दहाव्या वर्षापासून, म्हणजे नशेची गाठ पडण्याच्या आधीपासून, तपासत राहण्याचे मोठे काम सुरू आहे. त्यातून चित्र अधिक स्वच्छ होईल.

तर मग मी भांडतो आहे ते कशाच्या जोरावर, असे कोणी विचारील. बुद्ध्यंकाचे आठ अंक मी सोडून देतो. घ्या परत! तरीही दोन गोष्टी उरतात आणि त्या पुरेशा आहेत. पहिली, सवयीची. अमेरिकेतल्या पाहणीप्रमाणे गांजा करून पाहिलेल्या शंभर जणांपैकी सुमारे नऊ जण त्याचे बांधील होतात. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत हीच संख्या सतराच्या घरात जाते. दुसरी, वेडाची. छिन्नमनस्कता शंभरात एखाद्याच्या वाट्यास येते. बहुतेक मुले गांजा ओढूनही तिच्या तावडीत सापडत नाहीत. पण ज्याच्या घराण्यात तो आजार आहे, जो लहान वयात सुरू करतो, जो रोज ओढतो आणि कडक माल ओढतो, त्याच्या बाबतीत ही सोडत वेगळ्या रीतीने निघते. मालाचे हे कडकपण नवे आहे. अमेरिकेत पकडलेल्या गांजात टीएचसीचे प्रमाण १९९५ साली शेकडा ४ च्या आसपास होते, ते २०१४ साली शेकडा १२ वर गेले. युरोपातल्या काही शहरांत आणि ब्राझीलमध्ये मिळून अकरा ठिकाणी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रोज कडक गांजा ओढणाऱ्यांत चित्तभ्रमाचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसले. “आमच्या आजोबांनी जन्मभर ओढला, त्यांना काय झाले?” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, आजोबांचा माल वेगळा होता आणि आजोबांनी तो बहुधा दुसरीत नापास होण्याच्या वयात ओढलेला नव्हता.

तिसरा बचाव विमानाने येतो. “अहो, कॅनडात कायदेशीर आहे, अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत दुकाने आहेत, जर्मनीनेही मोकळीक दिली. आपणच मागासलेले!” ठीक आहे, त्यांचेच अनुकरण करू, पण पुरते करू. अमेरिकेतल्या त्या दुकानांत एकवीस वर्षांच्या आतल्या माणसाला पाऊल टाकता येत नाही. कॅनडाने २०१८ साली दार उघडले, पण क्वेबेक प्रांताने नंतर आपली वयोमर्यादा अठरावरून एकवीसवर नेली. जर्मनीच्या २०२४ च्या कायद्याचे तर बारकाईने वाचन करावे. गांजा पुरवणाऱ्या मंडळांना तेथे परवानगी आहे, परंतु अठरा ते एकवीस वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅमच्या वर आणि शेकडा १० टीएचसीच्या वर माल देता येत नाही. का? कारण ज्यांनी दार उघडले त्यांनाही आत कोवळी डोकी शिरू नयेत याची धास्ती वाटली. आम्ही त्यांच्याकडून मोकळीक तेवढी आयात करतो आणि धास्ती बंदरावरच सोडून येतो.

आणि आमचा स्वतःचा कायदा? १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने चरस आणि गांजा यांना गुन्ह्याच्या यादीत घातले, पण गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती केली. नुसती पाने त्यातून सुटली. म्हणून शेंडा हा अपराध आणि पान हा प्रसाद! पानात टीएचसी कमी असते हे खरे, पण असते ते तेच असते. कायद्याला पान आणि शेंडा यांतला भेद कळतो, चौदा वर्षांच्या मेंदूला तो कळत नाही. दैवाची थट्टा अशी की, हा कायदा अमलात आला तो १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला मद्य, तंबाखू वा अंमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. पण भांगेचा पेला देणारा मामा त्या कलमाच्या भीतीने कधी दचकल्याचे मी ऐकलेले नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणे या देशात सुमारे ३ कोटी १० लाख माणसे वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतात. त्यांतली सुमारे २ कोटी २० लाख भांग घेणारी आहेत. आणि सुमारे ७२ लाखांना या व्यसनापायी मदतीची गरज आहे.

येथे चौथे गृहस्थ उठतात आणि टेबलावर मूठ आपटून म्हणतात, “तुरुंगात घाला सगळ्यांना!” त्यांचे आणि माझेही जमत नाही. पोराच्या दप्तरात पुडी सापडली की एक तर बाप पट्टा काढतो, नाही तर शाळा त्याचे नाव काढून टाकते. दोन्ही प्रकारांनी पोरगा जातो तो थेट त्या पुडी देणाऱ्याच्याच ओट्यावर, कारण तेवढ्याच ओट्यावर त्याला “ये, बस” म्हणणारे कोणी उरलेले असते. ज्या मेंदूतला “थांब” म्हणणारा भाग अजून पुरता झालेला नाही, त्याला थांबला नाही म्हणून चाबूक मारणे हा कोठला न्याय? व्यसनी माणूस आपण होऊन उपचारास आला तर सेवनाबद्दलच्या खटल्यातून त्याला सवलत देणारे कलम आमच्याच कायद्यात आहे. ते आईबापांना कोणी सांगत नाही. आणि मुलांना भिववण्यासाठी खोटेही बोलू नका. एका झुरक्याने वेड लागते असे तुम्ही सांगितलेत, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा दहा झुरके मारून पहिला आला, की त्या दिवसापासून तुमचे खरे बोलणेही खोटे ठरते.

मराठी समाजाला हे काम जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. गर्द मुंबई-पुण्यात पसरू लागला तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहून समाजाला हलवले, पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्या खांद्यावर पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. तेथे रुग्णाला माणूस म्हणून आत घेतले गेले. मग भांगेपुढे आम्ही असे का लुळे पडतो? कारण गर्द परका होता आणि भांग घरची आहे. परक्याला आम्ही शत्रू म्हणतो, घरच्याला गंमत म्हणतो.

माझे मागणे लहान आहे. भांग जगातून नाहीशी करा असे मी म्हणत नाही. प्रौढ माणसाने काय प्यावे हा त्याचा आणि त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मी मागतो आहे ती फक्त थोडी वर्षे. विशी ओलांडेपर्यंत, जमल्यास पंचविशीपर्यंत, थांबा आणि थांबवा. ज्या घरात कोणाला मनाचा मोठा आजार झाला असेल, त्या घराने तो लपवू नये. सोळाव्या वर्षी मुलाला समोर बसवून, जसे मधुमेहाचे सांगतो तसे, सांगावे की ही वाट तुझ्यासाठी इतरांपेक्षा निसरडी आहे. आणि मुलगा त्या वाटेने गेलाच, तर आधी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मनाच्या आजारांविषयीचा फोन आहे. तो लावावयास लाज वाटू देऊ नये. लाज वाटावयाची असेल तर ती आम्हांला वाटू द्या, पेला देणाऱ्यांना.

गेल्या दिवाळीत भाचा आमच्याकडे आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानाची वही पूजेला मांडली, तेव्हा त्याने मला त्याच्या सुबक अक्षरातले जमाखर्च दाखवले. एकही खाडाखोड नव्हती. नंतर पंगत बसली. मी आग्रहाने वाढत होतो. तो हसून म्हणाला, “पुरे, मामा,” आणि त्याने पानावर आडवा हात धरला.

हा हात त्या रात्री मी धरावयास हवा होता. येत्या शिवरात्रीला, येत्या धुळवडीला, कोठल्या तरी ओवरीत कोणी तरी हसत हसत एखाद्या पोरापुढे पेला करील. तेव्हा आपण तेथे असाल, तर पेला आणि पोर यांच्यामध्ये आपला आडवा हात धरा. लोक आपल्याला रसभंग करणारा म्हणतील. म्हणू द्या.